कोयती, आदोळी, सुरी: किनाऱ्यावर कुठलं स्टील कशाला?

खाडीकाठ

सुरमईच्या धाग्यावर दोघातिघांनी ‘चांगल्या स्टीलची एक सुरी सुचवा’ असं विचारलं होतं. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

एकच सुरी सुचवणं मला पटत नाही. आपल्याकडच्या घरात पात्याला पडणारी कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. बांगडे साफ करायचे, शहाळं तासायचं, भाजावळीसाठी (शेत भाजायला) कवळं, म्हणजे झाडाच्या फांद्या, तोडायची, मे महिन्यात फणस फोडायचा आणि त्याच घरात कैरीच्या बारीक फोडीही करायच्या. एका कामाला जे पातं उत्तम, ते दुसऱ्या कामात आठवड्याभरात निकामी होतं.

स्टील निवडताना मी तीन गोष्टी बघतो. पहिली कडकपणा. पातं जितकं कडक तितकी धार बारीक लागते आणि टिकते. दुसरी चिवटपणा, म्हणजे मार सोसायची ताकद. या दोन्ही गोष्टी एकत्र वाढत नाहीत, एक वाढवायला गेलं की दुसरी कमी होते. तिसरी गंज, आणि आपल्या हवेत ती पहिल्या दोघींइतकीच महत्त्वाची आहे. पुण्यातल्या माणसाने दिलेला सल्ला वेंगुर्ल्यात तसाच्या तसा लागू पडत नाही तो यामुळेच.

कडकपणा रॉकवेल आकड्यात मोजतात. स्वयंपाकघरातल्या जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण ५५ ते ५७, जपानी पद्धतीच्या ६० आणि त्यावर. कोयतीला मात्र ५० ते ५५ च्या आसपास ठेवलेलं बरं, कारण तिला नारळाच्या कवटीवर आणि लाकडातल्या गाठीवर आपटायचं असतं. ६१ ची सुरी करवंटीवर मारलीत तर धारेचा तुकडा उडेल. त्यात स्टीलचा काही दोष नाही.

माझी मांडणी अशी आहे: तोडायच्या कामाला ट्रकच्या कमानीच्या पाट्याची कोयती, मासळीला लोखंडी आदोळी (विळी), फळं-भाजीला स्टेनलेसची सुरी. तुमच्या घरी काय आहे आणि का, ते लिहा. नुसतं ‘आमच्याकडे पूर्वीपासून हेच’ असं नको, कारणही सांगा.

---

हर्णैची_लाट

मासळीपुरतं बोलते, कारण ते रोजचं काम आहे.

आमच्याकडे मोरळी, म्हणजे तुमची आदोळी, लोखंडीच. स्टेनलेसची मोरळी घेऊन बघितलेल्या बायका आमच्या वाडीत आहेत, बहुतेकींनी ती भाजीला ठेवली. बाजारात मिळणाऱ्या स्टेनलेस मोरळीचं पातं मऊ असतं, दोन पाट्या बांगडे झाले की ते मासा कापत नाही, नुसतं दाबतं. पापलेटसारख्या नाजूक माशाचं पोट दाबलं गेलं की आतली घाण मांसाला लागते आणि तुकडीची चव जाते. लोखंडी पातं दगडावर चार वेळा ओढलं की परत चालतं, आणि हे मधल्यामधे, हात न धुता करता येतं.

पण सगळ्या मासळीला एक पातं नाही. घोळीचं किंवा मोठ्या रावसाचं डोकं फोडायला मोरळी वापरू नका, तिथे जाड पाठीची कोयतीच हवी. आणि मुशीबद्दल खास सांगते. तिच्या कातडीवर दातासारखे बारीक खवले असतात, हात उलटा फिरवला तर सोलून निघतो. कातडीवरून पातं ओढलं की कुठलंही स्टील बोथट होतं. आधी टोकाने भोक पाडायचं आणि पातं आतून, मांसाच्या बाजूने बाहेर काढायचं. धार वाचते.

---

डोंबिवलीहून_राजापूर

ताई, तुमचं पटतं, पण आमच्यासारख्यांचं काय? घर गणपतीत उघडतं आणि मग थेट शिमग्याला. लोखंडी आदोळी दरवेळी तांबडीलाल होऊन बसलेली असते. पात्यावर खड्डे पडलेत. आईला स्टेनलेसची चालत नाही. काय करावं?

---

खाडीकाठ

दादा, बंद घरातल्या पात्यासाठी तीन कामं करा. जायच्या दिवशी पातं गोड्या पाण्याने धुवा, चुलीजवळ धरून गरम होईपर्यंत वाळवा आणि गरम असतानाच खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा. मग तेल लावलेल्या सुती फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवा. वर्तमानपत्रात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत दमटपणा कोंडतो. बरेच महिने घर बंद राहणार असेल तर खोबरेलाऐवजी मशीनला लावायचं ग्रीस चालेल, पण परत वापरण्याआधी साबणाने नीट काढायला हवं.

पडलेले खड्डे धारेपर्यंत पोचले असतील तर लोहाराकडे देऊन पातं खाली घ्यावं लागेल. पाठीकडचे खड्डे राहू द्या, काही बिघडत नाही.

---

धातुवेडा

चांगला धागा. कारखान्यात स्टीलशीच काम आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

‘स्टेनलेस’ हे एक स्टील नाही, मोठं कुटुंब आहे. लोखंडात साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम गेलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तो आतल्या धातूला जपतो. ओरखडा पडला तरी हवा लागताच थर परत धरतो. पण मिठातला क्लोराइड नेमका हाच थर जागोजागी फोडतो. त्यामुळे किनाऱ्यावरच्या स्टेनलेसवर टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे दिसतात. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते हवेतला ओलावा खेचून घेतं, अगदी ३५ टक्के आर्द्रतेतसुद्धा. म्हणजे पातं हाताला कोरडं लागलं तरी मीठ असेल तिथे ते ओलंच असतं. धुताना शेवटचं पाणी गोडं हवं, हे त्यासाठी.

आता कुटुंबातले भाऊ. आपली वाटी-ताटली ज्या ३०४ ची असते त्यात अंदाजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. गंजाला ते उत्तम, पण तापवून-विझवून कडक होतच नाही. त्याची सुरी केली तर धार टिकणार नाही, कितीही पाजवा. सुरीला लागणारं स्टेनलेस वेगळं. स्वस्तात ४२० जातीचं, त्यात कार्बन ०.३ टक्क्यांच्या आसपास. त्याच्या वर जर्मन सुऱ्यांचं १.४११६, कार्बन साधारण ०.५ आणि क्रोमियम १५ टक्क्यांच्या जवळ. त्याहून वर जपानी व्हीजी-१०, त्यात कार्बन १ टक्का.

हर्णैच्या ताईंचा अनुभव खरा आहे आणि तो जुनाही आहे. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये बंदुकीच्या नळीसाठी स्टील शोधताना क्रोमियमवालं स्टील ओतलं आणि ते सुऱ्यांना वापरून बघितलं, तेव्हा तिथल्या कारागिरांचीही हीच तक्रार होती की हे कापत नाही. नंतर कार्बन आणि तापवण्याची पद्धत सुधारली. आजचं चांगलं स्टेनलेस मऊ नाही. बाजारातल्या आदोळ्यांना ते वापरत नाहीत, खरी अडचण ती आहे.

दुकानात लोहचुंबक घेऊन जा. चिकटलं नाही तर ते वाटीचं स्टील, सुरी घेऊ नका. चिकटलं तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, ४३० नावाचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं आणि तेही कडक होत नाही.

---

लोहारसाळ

आमचं घर पिढीजात लोहारकामाचं, कणकवलीच्या बाजूला. वडील अजून भात्यावर बसतात. वर सगळ्यांनी स्टीलची नावं लिहिलीत, पाण्याबद्दल, म्हणजे पातं तापवून विझवण्याबद्दल, कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्याच पाट्याचे दोन तुकडे घेऊन एकाला नीट पाणी दिलं आणि दुसऱ्याला चुकीचं, तर एक कोयती वर्षानुवर्षं चालेल आणि दुसरी पहिल्याच नारळाला वाकेल नाहीतर तुटेल. वडील गिऱ्हाइकाला एवढंच सांगतात, “पाणी नीट बसला तरच धार रवता.”

कमानीचा पाटा आम्ही का घेतो? त्यात कार्बन अर्धा टक्का ते ०.६ असतो, शिवाय सिलिकॉन किंवा क्रोमियम. गाडीखाली वाकून परत सरळ होण्यासाठीच ते बनवलेलं असतं, त्यामुळे मार सोसायचा गुण अंगचाच. बेअरिंगच्या कड्याचंही पातं होतं, त्यात कार्बन १ टक्का. धार अप्रतिम लागते, पण कवळं तोडायला ते आम्ही देत नाही, चिमटीत धरायच्या लहान पात्यालाच वापरतो. सळईची कोयती कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, तिच्यात कडक व्हायला लागणारा कार्बनच नसतो.

घडवून झालं की पातं चेरीसारखं लाल करायचं. भट्टी उन्हात असेल तर रंग फसवतो म्हणून सावलीत बघतात. चुंबक चिकटेनासा झाला की लोखंड साधारण ७७० अंशांच्या वर गेलंय, त्याच्या थोडं पुढे नेऊन विझवायचं. संपूर्ण पातं बुडवायचं नाही, फक्त धारेची कड. पाठ लालच राहू द्यायची. कड बाहेर काढली की दगडाने घासून लखलखीत करायची आणि बघत बसायचं. पाठीतली उष्णता कडेकडे सरकते तसे रंग येतात, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. गवती रंग २२० अंशांच्या आसपास, निळा ३०० च्या जवळ. भाजीच्या पात्याला गवती रंगावर थांबवतो. कोयतीला जांभळा कडेला पोचेपर्यंत थांबतो, मग पूर्ण गार करतो. विझवल्यावर लोखंड काचेसारखं ठिसूळ झालेलं असतं, या दुसऱ्या तापण्याने ते चिवट होतं. ही पायरी घाईत टाळली की कोयती फुटते.

यंत्राच्या कोरड्या सहाणेवर धार लावून घेणाऱ्यांना विनंती: ठिणग्या उडताना कड निळी पडलेली दिसली तर त्या जागेचं पाणी उतरलं. कितीही धार लावा, तेवढा भाग मऊच राहणार. तो घासून काढून टाकणं हाच उपाय.

---

खाडीकाठ

फार महत्त्वाचं लिहिलंत. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

एक शंका. कमानीच्या पाट्याला पाण्यात विझवू नये, तेलात विझवावं असं वाचलंय. तुम्ही पाणीच वापरता?

---

लोहारसाळ

बरोबर वाचलंत. सिलिकॉन-क्रोमियमवाल्या पाट्याला पाण्यात एकदम बुडवलं तर तडा जायची भीती असते. पातं पातळ असेल तर आम्हीही तेलच घेतो. जाड कोयतीची फक्त कड आणि तीही कोमट पाण्यात, वर-खाली हलवत. पाणी आणि लोखंड जिथे भेटतं ती रेघ एकाच जागी राहिली तर नेमकं तिथेच चीर जाते, म्हणून हात हलता हवा. साध्या लोखंडाला पाणी, मिश्र पाट्याला तेल, हे नवख्याने धरून चालावं.

---

कलमांची_वाडी

देवगडकडून नमस्कार. वर कलमाच्या चाकूचा उल्लेख राहिला, आणि आंबेवाल्यांना त्याच्याइतकं महत्त्वाचं पातं दुसरं नाही.

कोय कलमं जून ते ऑगस्टमध्ये बांधली जातात. कलमकाडी आणि रोप यांचे काप एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. बोथट पात्याने काप घेतला की साल चिरडते, मधे फट राहते, कलम मरतं. त्यामुळे इथे धार हीच सर्वात वरची गोष्ट. या चाकूला धार एकाच बाजूने असते, दुसरी बाजू सपाट, त्यामुळे काप सरळ मिळतो. मारायचं काहीच नसल्याने पातं कडक असलं तरी चालतं, बेअरिंगच्या कड्याचं पातं इथे शोभेल.

चिकाने लोखंडी पातं काळं पडतं. ते काळेपण गंज नव्हे. झाडाच्या सालीत टॅनिन असतं, त्याचा लोखंडाशी संयोग होऊन शाईसारखा रंग येतो. केळफूल, आवळा, कच्चं केळं चिरतानाही तेच होतं. पात्याला त्रास नाही, पण भाजी काळी दिसते, म्हणून केळफुलाला आणि आवळ्याला मी स्टेनलेसच घेते. रोगट फांदीवरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पातं स्पिरिटने पुसते. काही जण कपडे पांढरे करायचं ब्लीच वापरतात, ते करू नका, त्यात क्लोरीन आहे आणि स्टेनलेसलाही खड्डे पडतात.

---

वाऱ्याची_बाजू

आमचं काम होडीवर, मालवणात. इथे फार बारीक धार लागत नाही, वेगळंच लागतं. जाळं पंख्यात अडकलं की दोर क्षणात तुटला पाहिजे. नायलॉनच्या दोरावर आरशासारखी गुळगुळीत धार घसरते. दातेरी पातं हवं, किंवा साधं पातं ४०० नंबरच्या दगडावर थांबवलेलं, त्याचे बारीक दाते दोराला पकडतात.

स्टील म्हणाल तर साधं स्टेनलेस घेतो. लोखंडी पातं खाऱ्या पाण्यात एका रात्रीत तांबडं होतं. आणि होडीवरचं पातं कधी ना कधी पाण्यात जाणारच, महागाचं परवडत नाही.

---

धातुवेडा

दादा, तुमच्या कामासाठी नायट्रोजनवाली स्टील्स आलीत. एच१ आणि एलसी२००एन ही दोन नावं. कार्बनचं बरंचसं काम त्यात नायट्रोजन करतो, त्यामुळे क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून न पडता गंजाशी लढायला मोकळं राहतं. पाणबुडे वापरतात ते काही चाकू अशा स्टीलचे असतात. महाग आहेत, त्यामुळे दोरीने कमरेला बांधूनच ठेवा.

याच कारणासाठी डी२ बद्दल सावध करतो. ऑनलाइन बऱ्याच ठिकाणी ‘जवळजवळ स्टेनलेस’ म्हणून विकतात. क्रोमियम १२ टक्के आहे, पण कार्बन दीड टक्का, आणि तो कार्बन बरंचसं क्रोमियम स्वतःकडे ओढून घेतो. साताऱ्यात ठीक राहील. मालवणात मासळीला वापरलंत तर डाग आणि खड्डे येणार.

---

फणसपोळी

मी नवीन आहे. भावाने व्हीजी-१० ची सुरी भेट दिली आहे. गावी फणसाला आणि सुरणाला वापरू का? आणि कोकमाचं आगळ, लोणच्याची कैरी याला चालेल?

---

हर्णैची_लाट

बाळा, फणस उघडायला नको. फणसाची पाव (मधला दांडा) जड असते, आपण नकळत पातं पिळतो आणि एवढं कडक पातं पिळलं की कडा तुटते. फणस कोयतीने उघड, पात्याला आणि हाताला खोबरेल लावून, म्हणजे चीक धरत नाही. गरे मोकळे झाले की आठळ्या बाजूला काढून तळायचे गरे बारीक चिरायला तुझी सुरी घे, तिथे तिची मजा आहे. सुरणाचंही तेच, आधी कोयतीने मोठे तुकडे, मग सुरी.

---

कलमांची_वाडी

कैरी चालेल, लगेच धुऊन पुसलीस तर. आगळाबद्दल जपून. आगळ आंबट तर असतंच, त्यात भरपूर मीठही असतं. आंबट आणि खारट एकत्र हे स्टेनलेसला सगळ्यात वाईट. आगळाच्या किंवा मिठाच्या कैरीच्या भांड्यात सुरी बुडवून ठेवू नकोस. लोखंडी पात्यावर गंज रोखणारा राखाडी थर चढवायला काही जण आगळ लावतात, तेही चूकच. बिनमिठाची चिंच किंवा ताजी कैरी घासावी.

---

डोंबिवलीहून_राजापूर

आईसाठी नवीन आदोळी करून घ्यायचं ठरलं. लोहारदादा, गणपतीत येतोय. पातं कमानीच्या पाट्याचं करून द्याल का? आणि घरी धार कशी लावायची तेही सांगा, मूठ कुठली घ्यावी तेही.

---

लोहारसाळ

करून देऊ, पण गणपतीच्या आधी पंधरा दिवस सांगा, त्या दिवसांत कोयत्या, पहारी घेऊन बरीच माणसं येतात. मासळीची आदोळी म्हणजे पातं पातळ ठेवू, तेलात विझवू आणि गवती रंगाच्या जरा पुढे थांबू. खोबरं खवायचे दाते वेगळे नरम ठेवावे लागतात, नाहीतर करवंटीला लागून मोडतात.

मुठीचा प्रश्न तुम्हाला कोयतीसाठी असावा. मुठीच्या आत जाणारं शेपूट सगळ्यात आधी गंजतं, कारण तिथे मिठाचं पाणी शिरतं आणि वाळत नाही. राळ भरून शेंबी (मुठीच्या तोंडावरचं धातूचं कडं) घट्ट बसवलेली असेल तर पाणी आत जात नाही. विकत घेताना शेंबीजवळ फट आहे का ते नखाने तपासा.

धारेसाठी घरी दोन बाजूंचा दगड पुरे, एक बाजू ४०० आणि दुसरी १००० नंबरची. आदोळीला प्रत्येक बाजूने साधारण २० अंशांचा कोन, कोयतीला २५ ते ३०. कोयतीला दगडाआधी कानस फिरवा. नीट पाणी दिलेल्या कोयतीवर कानस चावते, पण जोर लावावा लागतो. ती सहज खरवडत असेल तर पातं मऊ आहे. नुसती घसरत असेल तर फार कडक आहे, तशी कोयती नारळावर मारू नका, परत भट्टीला द्या.